टेक्सासमध्ये गाईडसोबत पहिल्यांदा व्हाइट बास पकडायला जाताय? मार्चच्या सकाळची तयारी, सुरुवातीपासून

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, लिटल एल्म या पट्ट्यात मासे आवडीने खाणारी मराठी घरं भरपूर आहेत, पण मासे पकडायला जाणारे फार कमी. ज्यांना जायचं असतं त्यांची अडचण एकच असते, बोट नाही, सामान नाही, काही माहिती नाही, मग सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे. फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चमध्ये एखादा लायसन्सवाला गाईड बुक करा, लुईसव्हिल लेकवर अर्धा दिवस जा आणि व्हाइट बासपासून सुरुवात करा. लार्जमाउथ बासच्या मागे लागू नका, तो नवीन माणसाला दिवसभर उन्हात उभं करून रिकाम्या हाताने घरी पाठवू शकतो.

व्हाइट बास का, तर हा मासा थव्याने फिरतो. एक लागला की त्याच जागी आणखी पन्नास असण्याची शक्यता असते, त्यामुळे नवशिक्याला एकाच सकाळी चूक करायला, सुधारायला आणि परत करायला भरपूर संधी मिळते. आकार मध्यम, साधारण 10 ते 15 इंच, पण अंगापेक्षा ताकद जास्त. वाढतो झपाट्याने, जगतो जेमतेम चार-पाच वर्षं आणि अंडी लाखोंनी घालतो, म्हणून खायला चार नेले तर मन खात नाही. इथले लोक त्याला सँड बास किंवा नुसतं सँडी म्हणतात, गाईडच्या तोंडी तेच नाव येईल, वेगळा मासा समजू नका.

दिवस कुठला धरायचा

पाणी साधारण 54 ते 68 फॅरनहाइटच्या मधे आलं की हे मासे अंडी घालायला नद्यांमध्ये चढतात, आधी नर जातात, मागून माद्या. लुईसव्हिल लेक म्हणजे ट्रिनिटी नदीच्या एल्म फोर्कवर आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सनी 1950च्या दशकात बांधलेल्या धरणाचं पाणी, जवळपास 29,000 एकर पसरलेलं, आणि त्याला येऊन मिळणारे हिकोरी क्रीकसारखे फाटे बरेच. फेब्रुवारीच्या शेवटी थवे या फाट्यांच्या तोंडाशी आणि जुन्या नदीपात्राच्या कडेला जमा होतात. म्हणजे अजून नदीत गेले नाहीत, पण निघायच्या तयारीत आहेत आणि भूक मोठी आहे. बोटीतून पकडायला मला हाच काळ सगळ्यात आवडतो, कारण नदीत शिरल्यावर काठावर माणसांची गर्दी होते आणि बोटीचा फारसा उपयोग राहत नाही. सगळेच मासे नदीत जातात असंही नाही, काही लेकमध्येच धरणाच्या दगडांवर नाहीतर वारा आपटणाऱ्या टोकांवर अंडी घालतात, त्यामुळे मार्चभर लेकवर काही ना काही चालूच असतं.

हवामान बघताना पावसापेक्षा वारा बघा. दक्षिणेचा 8-10 मैलांचा वारा आणि ढगाळ आकाश म्हणजे उत्तम. थंडीची लाट येण्याच्या आदल्या दिवशी मासे हावरटासारखे खातात, आणि लाट येऊन गेल्यावर जो स्वच्छ निळा कडक थंडीचा दिवस उगवतो, फोटोला सुंदर, त्या दिवशी तोंड मिटून तळाला बसतात. गाईडने फोन करून सांगितलं की उद्या 25 मैलांचा वारा आहे, दुसरा दिवस घेऊ, तर वाद घालू नका. हा लेक उथळ आणि उघडा आहे, लाटा पटकन उठतात. अशा दिवशी नको म्हणणारा गाईड चांगला समजायचा.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट, वार बघून बुक करा. घरात गुरुवार-शनिवार पाळत असतील किंवा त्या दिवशी संकष्टी आली तर मासे फ्रीजमध्ये पडून राहतात, आणि या माशाची खरी चव त्याच दिवशी आहे.

गाईडशी बोलताना काय विचारायचं

टेक्सासमध्ये पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्याकडे राज्याचं गाईड लायसन्स असावं लागतं, ते आहे का हे सरळ विचारा, कुणाला राग येत नाही. भाव माणशी आहे की बोटीचा, किती तासांचा, तिसऱ्या-चौथ्या माणसाचे वेगळे पैसे का, रॉड आणि ल्युअर (नकली आमिष) त्यात धरलेत का, मासे साफ करून मिळतात का, वाऱ्यामुळे रद्द झालं तर डिपॉझिटचं काय, एवढं आधी बोलून घ्या. मुलं असतील तर वय सांगा. 13 वर्षांखालच्या मुलाला चालू बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालावंच लागतं, नुसतं जवळ ठेवून चालत नाही, आणि लहान मापाचं जॅकेट गाईडकडे असेलच असं धरून चालू नका. टिप वेगळी, 15 ते 20 टक्के धरून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र हे, "आम्ही नवीन आहोत, आम्हाला शिकायचंय." हे आधी सांगितलंत की चांगला गाईड सकाळची आखणीच वेगळी करतो. नाहीतर काही जण पटापट मासे लावून तुमच्या हातात नुसता रॉड देतात, तुम्ही हँडल फिरवता, मोजून मासे भरता, आणि घरी येताना हातात काही कौशल्य आलेलं नसतं. पैसे देऊन नेमकं तेच तर घ्यायला जातोय आपण.

लायसन्स

17 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला स्वतःचं फिशिंग लायसन्स लागतं, गाईडच्या लायसन्समध्ये तुमचं येत नाही. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या वेबसाइटवर, नाहीतर वॉलमार्ट-अकॅडमीच्या काउंटरवर मिळतं. सध्या टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं वर्षभराचं 30 डॉलर, एका दिवसाचं 11 डॉलर, आणि बाहेरच्याला एका दिवसाचं 16 डॉलर. सहा महिन्यांहून जास्त सलग इथे राहत असाल तर रहिवासी, आणि भारतातून भेटीला आलेले आई-बाबा बाहेरचे, त्यांना एका दिवसाचं काढा, काउंटरवर जाताना पासपोर्ट घेऊन जा. वार्षिक लायसन्स ऑगस्टअखेर संपतं हे लक्षात ठेवा, मार्चमध्ये घेतलं तरी.

आई-बाबांना घेऊन जाच असं मी म्हणेन. कोकणात खाडीवर गरी टाकून गरवायला बसलेल्या माणसाला बोटावरच्या दोरीची भाषा आधीच येते, त्याला फक्त रीळ कसं चालतं ते दाखवावं लागतं. आणि नातवंडांना आजोबांचं हे कौशल्य कधी दिसलेलंच नसतं.

कपडे आणि पिशवी

मार्चच्या पहाटे इथे 40 फॅरनहाइटच्या आसपास असतं, आणि पळत्या बोटीत वारा हाडात जातो. बोटीवर जेवढे कपडे लागतील असं वाटतं त्याच्यावर एक थर आणखी. वरून वारा न शिरणारं जॅकेट, कानटोपी, आणि बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे, कारण बोटाला दोरी कळली पाहिजे. दहा वाजता हेच सगळं काढून टीशर्टवर याल. पोलराइज्ड गॉगल घ्या, चमक कमी होते आणि डोळ्यांना गळापासून संरक्षणही मिळतं. बूट काळ्या सोलचे नकोत, बोटीवर डाग पडतात. केळी नेऊ नका, अनेक गाईड ती अपशकुनी मानतात, चेष्टेत म्हणतात पण मानतात. थर्मासमध्ये चहा, डब्यात मेथीचे ठेपले नाहीतर पोळीचे रोल, एका हाताने खाता येतील असे. गाडीत बर्फ भरलेला मोठा कूलर आणि जाड झिपलॉक पिशव्या.

वेळेचं एक सांगतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. त्याच्या आधी सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, नंतर एकदम पावणेआठ, म्हणून गाईडने दिलेली वेळ त्या आठवड्यात परत एकदा विचारून घ्या. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पंधरा मिनिटं आधी पोचा, आणि बोटीत चढण्याआधी बाथरूमला जाऊन या.

बोटीवर पहिला अर्धा तास

बोट निघाली की लगेच मासेमारी सुरू होत नाही. गाईड आधी हळूहळू फिरतो आणि स्क्रीन बघत राहतो, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि त्याच्या शेजारी उभं राहून तुम्हीही बघा. ती स्क्रीन सोनारची, आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राची. तिच्यात तळाची जाड रेघ दिसते, त्या रेघेवर ढगासारखा पुंजका दिसला तर ते शॅड नावाचे छोटे मासे, म्हणजे व्हाइट बासचं खाणं, आणि तळाला चिकटून एकावर एक रचलेल्या कमानी दिसल्या तर ते व्हाइट बास. त्याला विचारा, हे काय, ते काय, इथे का थांबलो नाही. उत्तर बहुतेक वेळा तळाच्या आकारात असतं, कुठे उंचवटा आहे, कुठे जुनं पात्र वळतंय. या लेकच्या पोटात तर आधीच्या लेक डॅलसचा जुना गार्झा धरणाचा बांध आहे, नवीन धरण झाल्यावर तो फोडला आणि उरलेला पाण्याखाली गेला. माशांना अशा कडा आवडतात.

वर आकाशातही बघा. या दिवसांत सीगल पक्षी असतात. नुसते उडत असतील तर काही नाही, पण एका जागी खाली झेपावत आणि पाण्याला चोच लावत असतील तर खालून बास शॅडला वर ढकलतायत असं समजायचं.

जागा ठरली की गाईड पुढची ट्रोलिंग मोटर पाण्यात सोडतो आणि बटण दाबतो, जीपीएसवर ती बोट एका जागी धरून ठेवते, नांगर टाकायची गरज पडत नाही. आता उठायचं.

हातात रॉड आल्यावर

हा भाग नीट वाचा, सकाळ यावरच आहे.

दोरीच्या टोकाला बहुतेक स्लॅब असेल, म्हणजे शिशाचा चपटा, छोट्या शॅडच्या आकाराचा तुकडा, पाऊण औंसाचा वगैरे, पांढरा नाहीतर पोपटी, खाली छोटा तीन टोकांचा गळ. किडा-बिडा काही लावायचा नसतो. फेकायचंही नसतं, बोटीच्या कडेवरून सरळ खाली सोडायचं. रिळावरची तारेची कमान उघडा, दोरी मोकळी सुटू द्या, आणि डोळे दोरीवर ठेवा, रॉडच्या टोकावर नाही. 25-30 फूट पाण्यात काही सेकंद दोरी सुर्रकन जात राहते आणि मग अचानक ढिली पडते, पाण्यावर तिचा एक सैल वेटोळा दिसतो. तळ आला. लगेच हाताने कमान बंद करा, ढील गुंडाळून घ्या, दोरी ताणात आली पाहिजे.

नवीन माणूस इथेच हरवतो. दोरी किती सुटली, स्लॅब तळाला आहे की चार फूट वर लोंबकळतोय की चिखलात आडवा झालाय, काहीच कळत नाही, आणि शेजारच्याला मासे लागत असतात. म्हणून पहिली दहा मिनिटं मासा विसरा आणि नुसता तळ शोधा. सोडा, टेकवा, उचला, परत टेकवा. शिसं कडक मातीवर टेकलं की रॉडमध्ये टक्कन येतं, मऊ गाळावर नुसतं थांबतं. हा फरक हाताला कळला की पुढचं सगळं सोपं आहे, आणि गाईडकडून शिकून घ्यायची गोष्ट एकच निवडायची झाली तर मी हीच निवडीन.

आता खेळवणं. मनगटाने रॉड फूटभर उचला, आणि स्लॅब परत खाली जाताना रॉडचं टोक त्याच्या वेगानेच खाली न्या, म्हणजे दोरी पूर्ण ढिलीही नाही आणि ताणलेलीही नाही. मासा जवळपास नेहमी पडत्या स्लॅबलाच तोंड घालतो. जोरात हिसका बसेल असं वाटत असतं पण थंड पाण्यात तसं होत नाही, बारीकसा ठोका येतो, किंवा काहीच येत नाही आणि स्लॅबचं वजन एकदम नाहीसं होतं, हातातल्या पिशवीचा दुसरा बंद कुणीतरी धरल्यासारखं. ते नाहीसं होणं म्हणजेच मासा. तेव्हाच मनगट वर. खांद्यापासून जोर लावून ओढू नका, तोंड फाटतं आणि गळ सुटतो.

पाणी 50 च्या आसपास असेल तर उचल छोटी आणि संथ. जसं गरम होत जाईल तसा वेग वाढवा. मार्चच्या मध्यावर कधी कधी असं होतं की खाली ठोके देऊन काही लागत नाही, तेव्हा गाईड सांगेल की तळाला टेकव आणि न थांबता सात-आठ वेढे जोरात गुंडाळ. स्लॅब घाबरून पळणाऱ्या शॅडसारखा वर येतो आणि बास मागे धावतो. याचा धक्का मात्र कोपरापर्यंत जाणवतो. लाइव्ह सोनार असेल तर हे सगळं स्क्रीनवर दिसतं, तुमचा स्लॅब वर जातोय, तळातून एक रेघ निघाली, जवळ आली, आली, आणि त्याच क्षणी रॉड वाकला. मुलं हे बघून किंचाळतात. किंचाळू द्या, मासे थव्याने खात असताना बोलण्याने पळत नाहीत, बोटीच्या पत्र्यावर डबा आपटला तर मात्र फरक पडतो.

मासा लागला की रॉडचं टोक वर, दोरी ताणात, आणि एका चालीत गुंडाळत राहा. तो खाली ओढत असेल तर ओढू द्या, रिळाचा ड्रॅग, म्हणजे जोर आला की दोरी सुटू देणारा ब्रेक, त्यासाठीच लावलेला असतो, करकर आवाज आला की हँडल फिरवणं थांबवा. आणि बाकीच्यांनी रॉड सोडून फोटो काढायला यायचं नाही! एक मासा लागला की बाकीचा थवा चेकाळतो, आत्ताच सगळ्यांचे स्लॅब तळाला पाहिजेत. फोटो थवा गेल्यावर निवांत काढा, थवा जातोच.

मधेच सगळं बंद पडतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं काही नाही. गाईड म्हणेल चला, सगळं वर घ्या, की लगेच घ्या. अशा तीन-चार जागा बदलाव्या लागतात, पहिल्या जागेच्या मोहात बसून राहायचं नाही.

मासा हातात

पाठीवरचा पुढचा पर काट्यांचा असतो आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पर खाली दाबा आणि कल्ल्यांच्या मागून घट्ट धरा. गळ काढायला पक्कड वापरा, मासा तडफडतो आणि मोकळी टोकं तुमच्या बोटात जातात. पहिले दोन-तीन गाईडला काढू द्या आणि बघा.

मोजायचा कसा, तर तोंड बंद, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ घेऊन पूर्ण लांबी. टेक्सासचा सर्वसाधारण नियम व्हाइट बाससाठी किमान 10 इंच, माणशी दिवसाला 25. काही लेकना वेगळे नियम आहेत, उदाहरणार्थ ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या टेक्सोमाला, म्हणून दुसरीकडे जाल तेव्हा त्या लेकचा नियम बघून जा.

स्ट्रायपरशी (स्ट्राइप्ड बासशी) संकर केलेला हायब्रिड दिसायला व्हाइट बासचा सख्खा भाऊ आहे, आणि त्याला राज्यभराचा नियम किमान 18 इंच, दिवसाला स्ट्रायपर धरून 5. ओळख अशी, व्हाइट बासच्या अंगावरच्या रेघा फिकट आणि शेपटीपर्यंत बहुतेक एकच नीट पोचते, हायब्रिडच्या ठळक आणि बऱ्याच पोचतात. खात्री करायची तर जिभेवर मागच्या बाजूला बोट फिरवा, खरखरीत दातांचा पट्टा एक असेल तर व्हाइट बास, दोन असतील तर हायब्रिड. नियमात कमी पडणारा मासा लगेच पाण्यात.

25 ची परवानगी आहे म्हणून 25 भरायचे असं मला पटत नाही. चौघांच्या घराला दोन जेवणांचे, म्हणजे दहा-बारा मासे खूप झाले. पोट फुगलेल्या मोठ्या माद्या अंड्यांवर असतात, मी त्या सोडतो. कायद्याने सोडायलाच हव्यात असं नाही, पण त्या वरच्या पाण्यात जायला निघाल्यात. सोडायचा मासा फार वेळ हवेत धरू नका. ठेवायचा तो लगेच बर्फात टाका, बादलीत मरत पडलेल्या माशाचं मांस मऊ होतं.

साफसफाई आणि घर

मासे बोटीवर कापायचे नसतात, काठावर आल्यावरच. बहुतेक गाईड इलेक्ट्रिक सुरीने मिनिटाला एक या वेगाने फिलेट काढतात, कातडी आणि काटा दोन्ही बाजूला. डोक्यासकट कालवण हवं असेल तर त्याला आधीच सांगा की चार मासे अख्खे ठेव, नाहीतर डोकी गेली समजा. खवले काढून द्यायला बरेच जण तयार नसतात, ते घरी करा.

फिलेट मिळाली की एक काम न चुकता करा. कातडीच्या बाजूला मधोमध लालसर तपकिरी मांसाची पट्टी असते, ती पातळ सुरीने कापून टाका. या माशाला वास येतो म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी बहुतेक ती पट्टी ठेवलेली असते. मग मिठाच्या गार पाण्यात अर्धा तास, निथळून हळद, लाल तिखट, वाटलेलं आलं-लसूण आणि आगळ लावून वीस मिनिटं. आगळ मिळालं नाही तर लिंबू. रव्यात तांदळाचं पीठ थोडं मिसळून घोळवा आणि तव्यावर तेल चांगलं तापल्यावर टाका, फिलेट पातळ असते, एका बाजूला दोन-तीन मिनिटं बास. कालवणासाठी फिलेट वापरू नका, विरघळते, अख्खे ठेवलेले चार त्यासाठीच.

उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवताना झिपलॉकमध्ये फिलेट बुडतील एवढं पाणी भरून हवा काढून गोठवा, दोन महिने छान राहतात. पिशवीवर तारीख लिहा, आणि घरी पोचेपर्यंत जवळचे मासे दिवसाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त होऊ देऊ नका, तोही नियमच आहे.

पुढे स्वतःची कयाक किंवा बोट घेतलीत तर लुईसव्हिलमध्ये झेब्रा मसल, म्हणजे बोटींबरोबर दुसऱ्या लेकमध्ये पसरणारे उपद्रवी छोटे शिंपले, आहेत हे विसरू नका. निघताना बोट, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी), बादली, सगळ्यातलं पाणी तिथेच ओतायचं, टेक्सासमध्ये तो कायदा आहे, आणि मग सगळं वाळवायचं. गाईड रॅम्पवर बोटीचा बूच काढतो तेव्हा तो पाणी ओतायचं हेच काम करत असतो.